यादवभटांची बिनयजमानाची यात्रा

यादवभट उपाध्यांना परदेशाची हौस नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण पुढं पंचवटीत या विषयावर जे बोललं गेलं, त्यात तथ्य फार थोडं होतं. त्यांना विलायत बघायची नव्हती. गोरी माणसं तर त्यांनी रामकुंडावर पोत्यानं पाहिली होती. त्यांची इच्छा अगदी साधी होती. आयुष्यात एकदा तरी त्यांना यात्रेकरू व्हायचं होतं.

गेली तीस वर्षं यादवभट रोज नाशिकरोडच्या फलाटावर उभे राहत. गाडीतून गाठोडी उतरली की पुढं होऊन विचारत, "गाव कोणतं आपलं?" गाव कळलं की आडनाव, मग वडिलांचं नाव, मग टांगा, मग घर, आणि मग माडीवरच्या लाल बासनातल्या वह्या. गावागावांच्या वेगळ्या वह्या. त्या माणसाचा आजा कधी आला होता, कोणाच्या अस्थी घेऊन आला होता, बरोबर कोणकोण होतं, सगळं त्यात लिहिलेलं. आज्याचा अंगठा बघून यात्रेकरूचे डोळे भरून येत. मग तो घाटावर जाई, तपोवनात जाई, तोंड उघडं टाकून इकडंतिकडं बघत राही. यादवभट त्या वेळी दर्भाच्या काड्या मोजत असत. हे लोक एवढं बघतात तरी काय, ते त्यांना तीस वर्षांत समजलं नव्हतं. पन्नाशी आली तेव्हा त्यांनी ठरवलं की आता समजून घ्यायचंच.

प्रयत्न त्यांनी केले नव्हते असं नाही. काशीला गेले, तर पहिल्याच धर्मशाळेत निफाडकडचे एक यजमान भेटले आणि तिथल्या तिथं त्यांच्या घरातलं एक श्राद्ध उरकावं लागलं. सुरगाण्याच्या डोंगरात हवा खायला गेले, तर जंगलखात्याचा रखवालदार आपल्या पणज्याचं नाव विचारायला दोन कोस चालत आला. शेवटी निदान मनमाड जंक्शन तरी बघू, गाड्या कशा फुटतात ते बघत आरामात चहा पिऊ, म्हणून गेले. चहा बशीत ओतला आणि समोर एक मनुष्य हातात लाल फडक्यानं बांधलेलं मडकं घेऊन उभा राहिला. "देवासारखे भेटलात," तो म्हणाला. यादवभटांनी बशी खाली ठेवली, मडकं हातात घेतलं आणि परतीची गाडी पकडली. या देशात आपण यात्रेकरू होणं नाही, हे त्यांना त्या दिवशी कळून चुकलं.

अशात मुंबईच्या एका शेठजींचा वारसाहक्काचा दावा यादवभटांच्या वहीतल्या एका जुन्या सहीवर निकाली निघाला. शेठजी स्वतः मोटारीतून आले. म्हणाले, "भटजी, काय हवं ते मागा." दुसऱ्या कोणी शालजोडी मागितली असती, गाय मागितली असती. यादवभटांनी विचारलं, "जिथं माझा एकही यजमान नाही असं एखादं गाव आपल्या माहितीत आहे का?"

शेठजींनी थोडा विचार केला. त्यांचा माल नेणारी एक बोट होती. ती इथून पेंड घेऊन स्वीडन देशातल्या गोथेनबर्ग बंदराला जायची, तिथं चार दिवस थांबायची आणि लाकूड आणि कागद भरून परत यायची. बोटीवर एक खोली रिकामी असायची.

"तिथं माझा यजमान कोणी नसेल ना?"

"भटजी, तिथं कोणाचाच यजमान नाही."

"मग ठरलं," यादवभट म्हणाले.

घरी सावित्रीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. वह्यांतलं नाव नवऱ्यापेक्षा त्या लवकर काढत, त्यामुळं मागं धंद्याचं कसं होईल ही काळजी त्यांना नव्हती. "जा की," त्या म्हणाल्या, "वह्या मी बघते. पण तुम्ही यात्रेकरू व्हाल असं मला काही वाटत नाही. चार दिवसांत तिथं कुणाला ना कुणाला गाव विचारल्याशिवाय राहायचे नाहीत."

"एकालाही विचारणार नाही."

"जिभेला सवय आहे तुमच्या."

"विचारलं, तर पुढचं वर्षभर घरातलं पाणी मी भरीन," यादवभट म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी भरलेली घागर कोणी पाहिलेली नव्हती, तेव्हा या प्रतिज्ञेचं वजन सावित्रीबाईंच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी शेजारच्या ठमाबाईंना साक्षीला बोलावून घेतलं.

ठमाबाईंचा भाचा लढाईत बसऱ्याला होता. त्यामुळं समुद्रापलीकडच्या कुठल्याही गोष्टीवर मत देण्याचा अधिकार त्यांच्याकडं आपोआप आला होता. त्यांनी सांगितलं की, तिकडं उन्हाळा फार, खिशात कांदा ठेवा, पाणी उकळून प्या आणि उंटाच्या मागं उभे राहू नका. हा देश बर्फाचा आहे असं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "असेल, पण उंटाचं लक्षात ठेवा."

घाटावर वेगळाच प्रश्न निघाला. कोणीतरी वर्तमानपत्रात वाचलं होतं की, त्या बाजूला उन्हाळ्यात सूर्य मावळता मावळत नाही. मग सायंसंध्या करायची कधी? एका पक्षाचं म्हणणं, घड्याळात सहा वाजले की करावी, सूर्याकडं बघू नये. दुसऱ्या पक्षाचं म्हणणं, आचमन करून बसावं आणि सूर्य मावळेपर्यंत उठू नये, मग दोन महिने लागोत. दोन्ही पक्षांचं आपसांतलं बोलणं बंद झालं. समुद्र ओलांडल्याबद्दलच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न मात्र लवकर सुटला. प्रायश्चित्ताचं जेवण बासुंदीचं असावं यावर एकमत झालं आणि मग शास्त्राला फारशी हरकत उरली नाही.

खरी हरकत कचेरीत होती. पासपोर्टचा फॉर्म पुढं ओढून कारकुनानं विचारलं, "जाण्याचं कारण?"

"बघायला."

"काय बघायला?"

"गाव."

"त्याला रकाना नाही. व्यापार आहे, शिक्षण आहे, औषधोपचार आहे. आजारी आहात का?"

"नाही."

"मग व्यापार लिहू?"

"व्यापार कसला? मी यात्रेकरू आहे."

कारकुनानं टाक खाली ठेवला. "यात्रा म्हणजे धर्मकार्य. मग तिथल्या देवस्थानाचं पत्र आणा."

यादवभट तीन वेळा गेले आणि तीन वेळा परत आले. चौथ्या खेपेला त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी विचारलं, "रावसाहेब, गाव कोणतं आपलं?" येवला निघाला. मग आडनाव निघालं आणि वडिलांचं नाव निघालं. यादवभटांनी डोळे मिटून तिथंच सांगून टाकलं की, त्यांचे आजोबा तीन सिंहस्थांपूर्वी बैलगाडीनं आले होते, वाटेत चाक मोडलं होतं आणि तेही वहीत लिहिलेलं आहे. कारकून खुर्चीतून उठून उभा राहिला. त्यानं रकान्यातलं छापील 'औषधोपचार' खोडून तिथं आपल्या हातानं 'दर्शन' असं लिहिलं आणि फॉर्म साहेबाकडं पाठवला. जाताना मात्र वडिलांच्या वर्षश्राद्धाची तिथी त्यानं पक्की करून घेतली. म्हणजे बिनयजमानाच्या गावाला जाण्याच्या खटपटीत यादवभटांचा आणखी एक यजमान वाढला.

फॉर्म गेला तो पोलिसांकडं. चौकशीला पुंजा नावाचा शिपाई आला आणि थेट ठमाबाईंच्या ओट्यावर बसला. "ह्यो मानूस कसा हाय?" त्यानं विचारलं.

"सरळ आहे," ठमाबाई म्हणाल्या, "मोरीचं पाणी तेवढं आमच्या दारात सोडतो."

पुंजानं ते लिहून घेतलं. आठ दिवसांनी कागद वरून परत आला. पाण्याचा हा वाद राजकीय स्वरूपाचा आहे काय, याचा खुलासा मागितला होता. "आता वो काय लिवू?" पुंजानं यादवभटांनाच विचारलं. "माझं लिवनं लय नाय. मोरी बुजवा, म्हंजी वादच ऱ्हानार नाय." यादवभटांनी धोतर खोचलं, कुदळ घेतली आणि भर चैत्रातल्या उन्हात स्वतः चर खणून मोरीचं पाणी मागच्या बाजूला काढलं. दोन दिवस ते वाकूनच चालत होते. पंचवटीत बोललं गेलं की, यादवभट आतापासून थंडीनं वाकून चालण्याचा सराव करताहेत. माणसाचा निश्चय झाला म्हणजे त्याला असं पुष्कळ ऐकून घ्यावं लागतं.

राहिला कोट. इनायतभाई शिंपी म्हणाले, "भटजी, फिकर नको. थंडीचा कोट आपल्याला एकच येतो, रेल्वेच्या गार्डाचा. वीस साल तोच शिवतोय."

"मला साधा हवा."

"साधाच शिवतो. पण हात तिकडंच वळतो हो."

हात तिकडंच वळला. काळा लांब कोट, खांद्यावर पट्ट्या आणि पुढं पितळी बटणांच्या दोन रांगा. बटणं तरी काळी लावा, म्हणून यादवभटांनी सांगून पाहिलं. काळी बटणं बर्फात तडकतात, असं इनायतभाईंनी ठामपणे सांगितलं. त्यांनी बर्फ फक्त सरबतात पाहिला होता. त्यांच्या बायकोनं, गुलजारबींनी, स्वतः विणलेला हिरवा गळपट्टा दिला आणि पैसे घेतले नाहीत. "सलामत या, भटजी," त्या म्हणाल्या. यादवभटांना एवढ्या सगळ्या गडबडीत तेवढाच उपदेश पटला.

बोटीवर त्यांनी पाच आठवडे मेतकूट-भात खाल्ला. पहिले सहा दिवस तो पोटात राहिला नाही, पण त्याविषयी लिहू नये असं त्यांचं म्हणणं होतं. बोटीचा कप्तान अंगानं अवाढव्य आणि स्वभावानं मऊ होता. यादवभटांचं इंग्रजी शाळेतलं कमी आणि घाटावर साहेबांना वाट दाखवताना शिकलेलं जास्त, आणि कप्तानाचंही असंच कुठंतरी धक्क्यावर शिकलेलं, त्यामुळं दोघांचं छान जमलं. जून महिन्यातल्या एका सकाळी कप्तानानं किनाऱ्याकडं बोट दाखवून सांगितलं, "गोथेनबर्ग."

यादवभट कोट चढवून, कपाळाला गंध लावून कठड्याशी उभे राहिले. बोट धक्क्याला लागली, आणि शिडीवरून टोपी घातलेला एक मनुष्य वर आला. त्याच्या काखेत जाडजूड वही होती. टेबलाशी बसून त्यानं वही उघडली, पेन काढलं, आणि यादवभटांकडं बघून विचारलं, "नाव?"

यादवभटांनी वहीकडं पाहिलं. म्हणजे इथंही उपाध्याय आहे तर! आणि तो आपल्याला घ्यायला बोटीवर आला आहे. नीट उत्तरं न देणारे, निम्मं सांगून निम्मं लपवणारे यात्रेकरू त्यांनी जन्मभर सोसले होते. आपण तसं करायचं नाही असं ठरवून त्यांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, गोत्र आणि शाखा सांगितली. आमच्यापैकी यापूर्वी इकडं कोणी आलेलं नाही, तेव्हा नवीन पान उघडावं, असंही सुचवलं. टोपीवाल्यानं यातले दोन शब्द लिहिले. बाकीचे लिहायला त्याच्या वहीत जागा नव्हती. किती दिवस राहणार ते विचारून त्यानं शिक्का मारला आणि वही मिटली.

आता दक्षिणा. यादवभटांनी सुपारीवर एक रुपया ठेवून त्याच्या मुठीत दाबला. त्यानं तो परत केला. पहिल्या खेपेला उपाध्यायानं नको म्हणायचं असतं, हे यादवभटांइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी दोन ठेवले. टोपीवाल्याचे कान लाल झाले. रक्कम कमी पडते आहे हे यादवभटांनी ओळखलं. परक्या तीर्थात पहिल्याच दिवशी उपाध्यायाला नाराज करणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी तिसरा रुपया काढला, आणि "लेकराबाळांसाठी ठेवा," असं म्हणून तो स्वतःच त्याच्या खिशात घालायला गेले. टोपीवाल्यानं शिट्टी वाजवली.

सरकारी अंमलदाराला लाच देण्याचा, आणि तोही चढत्या भाजणीनं देण्याचा प्रयत्न, असं त्या प्रकरणाचं नाव होतं. यादवभटांच्या चार दिवसांपैकी पहिला संपूर्ण दिवस बंदरकचेरीच्या बाकावर गेला. कप्तानानं येऊन तासभर समजावलं. या मनुष्याच्या देशात नाव लिहून घेणाराला पैसे देतात आणि तो ते घेतो, हे त्या लोकांना खरंच वाटेना. शेवटी संध्याकाळी, रोज सकाळी दहा वाजता इथं येऊन हजेरी द्यायची, या अटीवर त्यांना सोडलं. टोपीवाल्यानं तिन्ही रुपये आणि सुपारी मोजून परत दिली. यादवभटांना त्या गावाविषयी आदर वाटला, आणि तिथल्या उपाध्यायांचं पोट कसं भरत असेल याची काळजीही वाटली.

दुसऱ्या दिवशी हजेरी देऊन ते यात्रेला निघाले. गाव नामी होतं. मधून कालवे काढलेले, त्यांवर लहान लहान पूल, रस्त्यातून निळ्या ट्रामगाड्या जात होत्या आणि एकही माणूस ओरडत नव्हता. एका मोठ्या चौकात पाण्याच्या मधोमध एक उघडा देव उभा होता. एका हातात मासा, दुसऱ्यात शंखासारखं काहीतरी. मत्स्यावतार म्हणावा तर कमरेला काही नाही. यादवभटांनी डोळे मिटून नमस्कार केला आणि मिटल्या डोळ्यांनीच दिशा बदलली. स्टेशनापाशी त्यांना जरा उभं राहायचं होतं. पण इनायतभाईंचा कोट तिथं भलताच शोभला. पाच मिनिटांत दोन बायकांनी त्यांना तिकिटं दाखवली, एका म्हाताऱ्यानं आपली सायकल त्यांच्या हाती सोपवली आणि तो आत निघून गेला. तो परत येईपर्यंत पाऊण तास ते सायकल धरून उभे होते. म्हाताऱ्यानं टोपी काढली, सायकल घेतली आणि एक शब्दही न बोलता गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांना देऊळ सापडलं. कालव्याच्या काठी, उंच उतरत्या छपराचं, कमानदार लांब खिडक्यांचं. लोक गंभीर चेहऱ्यानं आत जात होते आणि हातात काहीतरी पुडी घेऊन समाधानानं बाहेर येत होते. प्रसाद असणार. परधर्म झाला तरी देव तो देवच, असं म्हणून यादवभटांनी दाराच्या आतल्या बाजूला जोडे काढले, हात जोडले, मान खाली घातली आणि थेट गाभाऱ्याच्या दिशेनं चालू लागले. वास आला तेव्हा ते निम्म्या वाटेवर होते. मान वर केली तर दोन्ही बाजूंना बर्फावर मासळी मांडून ठेवलेली. तो गावचा मासळीबाजार होता आणि त्याची इमारतच तशी बांधलेली होती. एका विक्रेतीनं त्यांचे जोडलेले हात बघून, गरीब दिसतोय बिचारा, असं समजून कागदात बांधलेला एक मासा फुकट पुढं केला. यादवभट जोडे तिथंच सोडून बाहेर पडले आणि मग जोड्यांसाठी पुन्हा आत गेले. त्या दिवशी त्यांनी बोटीवर येऊन तीन वेळा स्नान केलं.

पण त्यांना खरं दुःख झालं ते माशाचं नव्हे. तीन दिवसांत त्या गावात त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. कुठले तुम्ही, कधी आलात, घरी कोण असतं, जेवलात का, काही नाही. मनमाडच्या फलाटावर मुका मनुष्य जरी बसला तरी अर्ध्या तासात त्याची मुलंबाळं सगळ्या फलाटाला माहीत होतात. इथं माणसं बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसत, मान किंचित हलवत आणि समोर बघत. यादवभटही समोर बघत. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. यजमान नव्हता, वही नव्हती, मडकं नव्हतं. बघायला सबंध गाव मोकळं होतं आणि त्यांना ते बघवेना. रामकुंडावरून सहा हजार मैल येऊन आपण एकटे पडलो आहोत, हे त्यांनी मनाशी कबूल केलं. पण यात्रा पुरी करायची म्हणजे करायची. घागरीचाही प्रश्न होताच.

चौथा दिवस उजाडला. बोट दुपारी चारला सुटणार होती. पहिला भोंगा साडेतीनला आणि दुसरा चारला, दुसऱ्या भोंग्याला शिडी वर, असं कप्तानानं बजावलं होतं. यादवभट दहाची हजेरी देऊन धक्क्यावर आले तेव्हा शेजारच्या धक्क्याला अमेरिकेहून आलेली एक मोठी पांढरी बोट लागली होती. माणसं उतरत होती, गळ्यात पडत होती, मोटारींत बसून जात होती. हळूहळू धक्का रिकामा झाला आणि एक म्हातारी तेवढी राहिली. सत्तरीच्या आसपासची, डोक्यावर टोपी, पायाशी एक पेटी. ती एकदा डावीकडं बघे, एकदा उजवीकडं बघे, आणि पेटीची मूठ हातानं चाचपून पाही.

यादवभटांनी तोंड फिरवलं. हे असं दोन्हीकडं बघणं आणि मूठ चाचपणं त्यांनी तीस वर्षं रोज पाहिलेलं होतं. आपला काही संबंध नाही, असं त्यांनी मनाशी सांगितलं. पाण्यातल्या होड्या मोजायला घेतल्या. सतराव्या होडीपर्यंत ते टिकले. मग त्यांचे पाय आपसूक वळले, हातानं पेटी उचलली आणि तोंडानं विचारलं, "बाई, गाव कोणतं आपलं?"

पुढच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर घरची विहीर उभी राहिली, पण तेव्हा उशीर झालेला होता. म्हातारी रडायलाच लागली. "हेच," ती इंग्रजीत म्हणाली, "हेच गाव. पण मला इथं कोणी ओळखत नाही."

तिचं नाव हुल्डाबाई. सहा वर्षांची असताना ती आईचं बोट धरून इथूनच बोटीत बसली आणि अमेरिकेला गेली. वडील त्याआधीच वारले होते. आई गेली, नवरा गेला, मुलं आपापल्या उद्योगाला लागली. आता मरण्याआधी बापाचं नाव कुठंतरी लिहिलेलं डोळ्यांनी बघावं, एवढ्यासाठी ती आली होती. बोटीवरच्या माणसानं सांगितलं होतं की, चर्चमध्ये जन्ममृत्यूच्या वह्या असतात.

"वह्या?" यादवभट म्हणाले. "चला."

चर्च टेकडीच्या पायथ्याशी होतं. या वेळी यादवभटांनी आत शिरण्यापूर्वी दारात उभं राहून वास घेतला आणि मगच जोडे काढले. कचेरीत एक तरुण मदतनीस होता. त्यानं हुल्डाबाईंचं माहेरचं आडनाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नेल्सन." त्यानं एक वही काढली, बोट फिरवलं आणि मान हलवली. त्या साली नेल्सन कोणी नाही. त्यानं वही मिटली. हुल्डाबाई उठल्या.

"बसा," यादवभट म्हणाले. एवढा वेळ आवरून धरलेली तीस वर्षं आता त्यांच्या आवाजात आली. "आडनावावर कोणी नाव शोधतं का? आडनावं वाटेत बदलतात. आमच्याकडं माणूस गाव सोडतो आणि गावाचंच नाव लावतो. यांनी तर समुद्र ओलांडलाय. वडिलांचं नाव सांगा, बाई."

"निल्स."

"काम काय करायचे?"

"दोरखंड वळायचे. जहाजांचे."

"घर कुठं होतं?"

हुल्डाबाईंनी डोळे मिटले. "पायऱ्या होत्या. दारात बसलं की डोलकाठ्या दिसायच्या. खाली दोर वळायची लांब शेड होती."

"त्यांना सांगा, आळीवार लिहिलेली वही असेल ती काढा. घर सापडलं की माणूस सापडतो." तशी वही असल्याचं यादवभटांना कोणी सांगितलं नव्हतं. पण शहाण्या माणसानं दुसरी कशी ठेवली असती?

हुल्डाबाईंनी लहानपणच्या मोडक्यातोडक्या स्वीडिशमध्ये ते सांगितलं. आतून म्हातारे पाद्री बाहेर आले. त्यांनी पितळी बटणांच्या कोटातल्या, कपाळावर गंध लावलेल्या, अनवाणी माणसाकडं पाहिलं, आणि मग कपाटाच्या तळातून एक जाड चोपडा काढला. रस्त्यामागून रस्ता, घरामागून घर. पाद्रीबोवांचं बोट पानावरून खाली येत होतं. यादवभट मान वाकडी करून बघत होते. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोट कुठं थांबणार ते कळत होतं. बोट थांबलं.

निल्स, दोरखंड वळणारा. त्याखाली बायकोचं नाव. त्याखाली मुलगी हुल्डा. आणि या दोघींच्या मध्ये, पुसट शाईत, आणखी एक नाव होतं. अँडर्स, मुलगा. दोन महिन्यांचा होऊन गेला.

"मला भाऊ होता," हुल्डाबाई म्हणाल्या. आईनं त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी हातमोजा काढला आणि त्या नावावर बोट ठेवलं. मग मान वर करून खिडकी बघितली, भिंत बघितली, बाहेरची टेकडी बघितली, जसं काही ते सगळं आत्ताच कोणी तिथं आणून ठेवलं होतं.

यादवभट बघत राहिले. घरी अशा वेळी त्यांच्या हातात दर्भ असत आणि लक्ष पुढच्या गाडीच्या वेळेकडं. आज हात रिकामे होते. त्यांना गहिवरून आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही. तिथं त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं.

हुल्डाबाईंनी डोळे पुसले आणि त्यांच्याकडं वळून विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं गाव कोणतं? कोणाचे तुम्ही?"

हा प्रश्न यादवभटांनी लाखभर लोकांना विचारला होता. त्यांना तो आजपर्यंत कोणीच विचारला नव्हता.

"नाशिक," ते म्हणाले. मग लगेच दुरुस्ती केली, "नाही, तसे आम्ही मूळचे नाशिकचे नव्हेत."

बंदरावर पहिला भोंगा झाला. मदतनीसानं घड्याळाकडं पाहिलं. पाद्रीबोवांनी एक खुर्ची पुढं सरकवली. यादवभटांनी कोटाची वरची दोन बटणं काढली, खुर्चीवर मांडी घातली आणि खापरपणजोबांपासून सुरुवात केली.